सुरगाठ

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर,
खाली बिस्किटांची खोकी बनवणारं यंत्र,
वर आमचं इन्क्युबेटर : सदतीस अंश,
ताप नसलेल्या माणसाइतकं गरम.

आत बारीक नळ्यांत रक्तद्रव.
त्यात सोडलेलं प्रतिपिंड
पाठीवर विषाचं गाठोडं घेऊन फिरतंय.
म्हणजे फिरत असेल. दिसत काहीच नाही.
दिसतो फक्त आलेख, तोही रात्री दोनला,
आणि शाहीन मुकादम म्हणते,
"मॅडम, बाजूला पुन्हा कोंब फुटलाय."

तो इवला कोंब
म्हणजे वाटेतच सांडलेलं विष.

माझे वडील मस्जिद बंदरला गोदामात पार्सलं बांधायचे.
बत्तीस वर्षं सुतळी. तर्जनीला आतून घट्टा.
म्हणायचे, निरगाठ काय, कुणीही मारतं.
मग ती सुटत नाही म्हणून लोक दात लावतात, सुरी लावतात,
शेवटी मालच फाडतात.
गाठ अशी हवी, की ट्रक घाटात हिंदकळला तरी जागची हलू नये,
आणि ज्याचा माल त्यानं टोक ओढलं
की खुळ्यासारखी सुटावी.

पीएचडीच्या पाच वर्षांत
हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

आमची गाठ दोन अमिनो आम्लांची.
व्हॅलिन, आणि त्याला धरून सिट्रुलिन,
जे पहिल्यांदा कलिंगडाच्या रसात सापडलं होतं.
टोक ओढणारं विकर बसलेलं असतं
पेशीच्या पार पोटात.
तिथं पोचेपर्यंत ओझं ओझंच राहायला हवं.

नऊ महिने ती उंदराच्या रक्तात सुटत राहिली.
पहिल्या दिवशी निम्मी,
तिसऱ्या दिवशी प्रतिपिंड नुसतंच,
हात हलवत फिरणारं.
मी विषाचं प्रमाण बदललं, जोडायची जागा बदलली,
शाहीनवर ओरडले एकदा,
ती काही न बोलता नळ्या धूत राहिली.

मग एका रविवारी उंदराचं रक्तद्रव संपलं
म्हणून माणसाचं घातलं.
रक्तपेढीतलं, मुदत उलटलेलं.
पिशवीवर नाव नव्हतं कुणाचं,
फक्त बी पॉझिटिव्ह.

सात दिवस. रेष सपाट.

गाठ चुकलीच नव्हती.
उंदराच्या रक्तात एक वेगळंच विकर हिंडतं,
येईल त्या गाठोड्याची गाठ चाचपणारं;
माणसाच्या रक्तात ते नाही.
शाहीनला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी चूक नव्हती."
नव्हती.

पण औषध आधी उंदरालाच द्यावं लागतं.
म्हणून आता गाठीच्या तोंडाशी
आणखी एक वेढा, ग्लुटामिक आम्लाचा.
संध्याकाळी नळ्या ठेवल्या.
उंदीर, माणूस, उंदीर, माणूस.

वडिलांना फोनवर सांगितलं सगळं.
बराच वेळ गप्प राहून म्हणाले,
वेढा वाढवलास तर सुतळी जास्त लागेल,
शेटला विचारलंस का?

खालचं यंत्र थांबलंय.
पहिला नमुना पहाटे चारला काढायचा.