हातचा न धरता

फेब्रुवारीत चौथी डिस्क गेली.
जाण्याआधी दोन दिवस टकटकत होती.
मला वाटलं सुतारपक्षी, आणि तोही कोठीघरात,
काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे,
जिथे सारेमा बेटावरचे माझे एकतीस वसंत
सहा डिस्कवर मांडून ठेवलेत :
पहाटेचे क्रौंच, पाणथळीतल्या टिटव्या,
बर्फ फुटताना समुद्रावर एकदम बोलू लागणारी बदकं.

सातवी डिस्क पॅरिटीची.
पिरेतने बसवली तेव्हा मी विचारलं होतं,
हिच्यावर कोणते पक्षी?
एकही नाही, म्हणाली लेक.
ही फक्त बेरीज करते, तीही हातचा न धरता.
सहाही डिस्कच्या एकेका घरात डोकावते,
एक किती आहेत ते मोजते,
विषम असले तर एक मांडते,
सम असले तर शून्य.
बस्स.

मी बावीस वर्षं गणित शिकवलं,
हातचा विसरणाऱ्या पोरांचे कान धरले,
आणि आता माझं सगळं किडूकमिडूक
हातचा न धरणारीच्याच स्वाधीन.

नवी डिस्क तार्तूहून आली,
बर्फामुळे फेरीबोट उशिरा.
लावली. अकरा तास, असं पडद्यावर आलं.
या अकरा तासांत आणखी एक गेली
तर सम-विषमाला काही म्हणता काही सांगता येणार नाही.
एक समीकरण, दोन अज्ञात :
फळ्यावर मीच कितीदा लिहून पुसलंय.
म्हणून कोठीत खुर्ची टाकली,
उलोचा लोकरी कोट अंगावर ओढून बसले,
जणू माझ्या पहाऱ्याला डिस्क घाबरतात.

पहाटे चारला सगळं परत आलं.
खात्री करावी म्हणून एक फाइल लावली :
दोन हजार नऊचा मे,
विल्सांदीसमोरचा किनारा, क्रौंच.
तिसरी हाक. चौथी.
चौथीनंतर ती बारीकशी उडी.

तिथे उलो खोकला होता.
मीच कापला. सगळीकडूनच कापला.
थर्मास धरून मागे उभा राहायचा बिचारा,
घसा आवळून, लालबुंद होऊन,
आणि नेमका पक्षी बोलला की...
घरी येऊन मी रागारागाने कात्री चालवायचे.
मूळ फाइल ठेवली नाही,
जागा वाचावी म्हणून.

पॅरिटी इमानी आहे.
मी पुसलं की तीही त्याच क्षणी पुसते,
नक्की ना बाई, असं विचारत नाही.
मेलेली डिस्क ती उठवते,
माझा हात मागे फिरवत नाही.

पिरेतला फोन केला, बाबांचा खोकला आठवतो?
कोरडा होता, म्हणाली, दार लोटल्यासारखा.
शेजारचा हेल्दुर म्हणायचा,
कुत्र्याला हाक मारल्यासारखा.
पण हेल्दुर नोव्हेंबरात गेला.
मी दार आणि कुत्रा यांची बेरीज करून पाहते,
तीतून माझा राग वजा करते.
उत्तर येत नाही.

मे महिन्यात जाईन पुन्हा किनाऱ्यावर.
थर्मास आता दगडावर ठेवावा लागेल.
घसा खवखवला तर खोकेन
आणि ती फाइल खोकल्यासकट ठेवीन,
शिवाय तिची एक प्रत तार्तूला, पिरेतकडे,
दुसऱ्या छपराखाली.