बोटभर जागा

राखेच्या बुधवारी, कपाळावर राख तशीच,
सिस्टर बेनेदिता सुभाषनगरच्या बोळात आल्या,
जिथं गिऱ्हाइकाला आधी वास भेटतो
आणि मग दुकान.
आप्पांनी आरी खाली ठेवली.
"कसबा बावड्याच्या पलीकडं ऊसतोडीच्या कोप्या आहेत.
एकसष्ट मुलं. पायात काही नाही.
शाळेतली पोरं चाळीस दिवस डब्यात पैसे टाकणार आहेत."
"टाकणार? म्हंजे उधारी."
"देवाच्या नावावर लिहा."
"त्येचा पत्ता ठावा हाय, सिस्टर,
पर वसुलीला कोण जाणार?"
वसईची बाई. मराठी लोण्यासारखं मऊ,
आणि भावात एक रुपया हलली नाही.

मी सातवी ब. आमच्या घरी जोतिबाचा गुलाल,
शाळेत क्रूसाखाली सकाळची प्रार्थना.
मी सगळी म्हणायचे, फक्त भाकरीच्या ओळीला
डोळे उघडून बघायचे, कुणाकुणाचा आवाज चढतो.
वर्गावर्गात पत्र्याचे डबे. जिनदत्त चौगुलेनं
पेप्सीकांडी सोडली. तालमीतल्या विश्वजीतनं
खुराकाच्या दुधाचे पैसे टाकले
आणि वस्तादाचा मार खाल्ला.

रविवारी मिस्सा उरकून आम्ही कोप्यांवर गेलो.
मी वर्तमानपत्र धरलं, आप्पांनी पेन्सिल फिरवली
पायाभोवती. गुदगुल्यांनी पोरं वाकडी व्हायची.
पोटऱ्यांवर उसाच्या पात्याचे बारीक ओरखडे,
कुणी समास आखून ठेवलेले,
मजकूर अजून लिहायचा असल्यासारखे.
सिस्टर नावं लिहीत होत्या:
गहिनीनाथ, डावा पाय मोठा. सोजर. आसराबाई, हलते फार.
आप्पा प्रत्येक रेघेबाहेर आडवं बोट ठेवायचे
आणि तिथून दुसरी रेघ ओढायचे.
"ह्यो पाय वाढणाराय.
बोटभर जागा सोडायची."

पवित्र गुरुवारी फादर इग्नेस बारा जणांचे पाय धुणार होते:
वॉचमन, व्हॅनवाला, कँटीनच्या काकू. आणि आप्पा.
"जलमभर लोकांच्या पायाशी बसलो,
आता माजं पाय दुसऱ्याच्या हातात? नको वो."
"फादरनाही अवघडतंच," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून तर."
गेले. नखांत रंग, अंगठा रापीनं चिरलेला.
प्लॅस्टिकचा टब, कमरेला टॉवेल,
फादर वाकले, तसे आप्पाही वाकले,
दोन डोकी आदळता आदळता राहिली.
घरी येताना एवढंच बोलले:
"फादरचा उजवा पाय भाईर पडतोय.
त्यास्नी टाच चढवून द्याय पायजे."

शनिवारी टेंपो भरून गेलो. रान मोकळं.
कारखान्याचा पट्टा पडला होता,
टोळ्या रातोरात गेलेल्या.
चुलींची राख, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या,
हिरव्या बांगडीचा एक तुकडा.
कुणीही प्रार्थना केली नाही.
सिस्टर राखेकडं बघत उभ्या राहिल्या,
मग टेंपोवाल्याला म्हणाल्या, "स्टँडवर चला,"
आणि मुकादमाचा नंबर शोधायला लागल्या.

एसटीच्या पार्सलनं अठ्ठावन्न जोड पोचले.
तीन घरं कुठल्या कुठं पांगली, मुकादमालाही माहीत नाही.
पार्सलचं बिल आप्पांनी वहीत त्याच नावावर लिहिलं.

दुकान आता मी बघते.
ते तीन जोड वरच्या फळीवर आहेत,
आत वर्तमानपत्राचे पाय, दोन-दोन रेघांचे.
त्या पायांना आता स्वतःची पोरं असतील.
मला प्रार्थना पुरती कधी जमली नाही.
हात जोडते तेव्हा मध्ये थोडी पोकळी राहते,
ती मी दाबून मिटवत नाही.
दरवर्षी राखेच्या बुधवारी तिन्ही जोड खाली काढते,
करडीचं तेल लावते, वाद्या वाकवून बघते.
चामडं अजून मऊ आहे.
सोजर, उत्तम, आसराबाई.
हलते फार.