पाचवा फवारा

नागदेवीच्या दुकानात अबिझरभाईंनी बिलाच्या मागे
अकरा बाय चौदाचा चौकोन काढला,
त्यात चार गोल, आणि विचारलं,
फिटर पाठवू का मॅडम, मुलुंडला?
म्हटलं, नको.
बेचाळीस वर्षं शिलाई मशीन खोलून परत बसवतेय.
पाइप म्हणजे काय, एक लांबलचक बाही.

माप घेतलं ते माझ्याच टेपनं,
सोसायटीभरच्या कंबरा जिला पाठ आहेत.
हिरवळीवर खडू उमटत नाही,
म्हणून रांगोळीची रेघ,
आणि रेघेवरून खुरप्यानं चार बोटं खोल चर.
खाली काय काय निघालं:
बिल्डरनं पुरलेलं डेब्रिज,
माझंच एक निळं बटण,
एक गांडूळ. त्याला वळसा घालून पुढे गेले.

पाइप कापला. पांढरा भुसा पदरावर.
सोल्युशन लावलं की जोड तीस सेकंद घट्ट धरायचा.
तीस सेकंद काही धरून ठेवणं
वाटतं तेवढं थोडं नसतं.
टेफ्लॉनची टेप आट्यांवर उलटी गुंडाळली,
पहिल्या चाचणीतच सगळी सुटून आली.
असो. उसवणं मला नवीन नाही.

हे खिडकीतून बघत होते.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा.
दिवाळीपर्यंत तोच हात इथला फवारा होता.
नळीच्या तोंडावर अंगठा दाबून
जास्वंदीला झोत, हिरवळीला पंखा,
सावलांच्या मांजरीला एक बारीक चिळकांडी.

सावला सेक्रेटरी. तेही आले, कमरेवर हात.
"भाभी, पाणीकपात चालू आहे, हे कारंजं कशाला?"
"कारंजं कुठलं? अंगठा बसवतेय."
त्यांना कळलं नाही.
खिडकीत कळलं. हे हसले,
ओठांच्या एकाच बाजूनं, पण पुरेसे.

पहाटे पाच पन्नासला पाणी येतं.
व्हॉल्व्ह सोडला.
आधी नुसती हवा, खोकल्यासारखी,
मग एक गढूळ उचकी,
मग पहिलं डोकं मातीतून वर आलं,
दुसरं, तिसरं,
चौथं अडलं. नखानं खडा काढला, तेही आलं.
आणि फिरू लागली झालर,
गोल, गोल,
रात्री दोरीवरून काढायच्या राहिलेल्या
मंजिरी गडांच्या ब्लाउजांवरसुद्धा.
तिथं माझं माप थोडं चुकलंच.

चारही गोल भिजले तेव्हा दिसलं,
जास्वंदीपाशी एक तिकोनी जागा कोरडी राहिलीय,
घागऱ्याच्या कळीएवढी.
अबिझरभाईंना ते आधीच कळलं होतं,
पिशवीत पाचवं नोझल होतं.
एक टी, एक एल्बो, दीड फूट पाइप,
अर्ध्या तासाचं काम.
ते मी बॉबिनच्या डब्यात ठेवून दिलंय.

साडेसहाला खुर्ची बाहेर काढते,
जुनी नळी ह्यांच्या डाव्या हातात देते.
डावा अंगठा अजून शिकाऊ आहे.
पाणी लुंगीवर, स्लिपरांवर, माझ्या चष्म्यावर,
कुठंही, त्या कोपऱ्यावर सोडून.
मी काही बोलत नाही, काजं करत बसते.

काल मात्र एक धार सुटली,
बारीक, सरळ,
आणि कुंपणावरून मांजर उडाली.