अकरा बादल्या

आठव्या रकान्यात विचारलंय, आकडेमोड येते का.
मी लिहिते, नाही.
पेन जरा अडतं. मग खाली रेघ ओढून
पक्कं करते, नाही.

घरी पाचपावलीत रोज साडेपाचला
हेमराज कूलर भरतो.
अकरा बादल्या. बारावी कधीच नाही.
दहावीवर नळ गेला
तर अकरावी परातेंकडून मागून आणतो
आणि मगच चहा घेतो.

पण हे इथे सांगायचं नसतं.
ढोबळेकाकूंनी शिकवलंय,
प्लास्टिकच्या पिशवीत सतरा पोरांच्या झेरॉक्स घेऊन
वीस वर्षं हा जिना चढणारी बाई:
"साहेबापुढे कौतुक नको करू बाप्पा.
कौतुकानं टक्के कमी होतात."

म्हणून मी सांगत जाते.
शर्टाची बटणं, नाही.
पैसे, नाही. रस्ता एकट्यानं, नाही.
आई गेल्यापासून झोप,
तीही नाही.
शेजारी तो बसलाय,
मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून,
आज ऑफिसला जायचं म्हणून,
आणि ऐकतोय.
त्याला कळत नाही असं इथे सगळे धरून चालतात.
या खुर्चीत बसलं की मीही.

साहेब तसे चांगले आहेत.
घाम पुसत विचारतात,
"पालक म्हणून दुसरं कोणी आहे का? तुमच्यानंतर?"
तुमच्यानंतर.
आईलाही याच टेबलावर हेच विचारलं होतं.
तिचं उत्तर मी होते.

तेवढ्यात हेमराज बोलतो,
सकाळपासून पहिल्यांदा:
"पाणी संपलं जी."
कोणी वळत नाही.
"मोटर कोरडी फिरून राहिली. जळते."
मी त्याचा हात दाबते.
साहेब मला विचारतात, काय म्हणतो तो?
मला.

बँकेत मी, रेशनच्या दुकानात मी,
मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरांपुढे मी,
त्याच्या शाळेनं नाव काढलं त्या दिवशी
फाटकाशी भांडले तीही मीच.

"त्यालाच विचारा," मी म्हणते,
आणि लगेच पोटात गोळा येतो. टक्के.

हेमराज उभा राहतो.
साहेबांशी नाही, कूलरशी बोलल्यासारखा:
"बंद करा. बादली कुठाय?"

शिपाई हसतो. मग आणतो.
दारातून ढोबळेकाकू डोळे वटारतात.
तीन. चार.
सहाव्या बादलीला साहेब आठवा रकाना परत वाचतात
आणि माझ्याकडे बघतात.
मी चपलांकडे.

सरकारी कूलर मोठा आहे.
अकरा झाल्या, टाकी अर्धीच.
तो थांबतो.
ओल्या बाह्या, हातात रिकामी बादली,
ओठ हलताहेत, आवाज नाही.
बाहेर जिन्यावर सगळी घरं बसलीत
मांडीवर फायली घेऊन.

मग तो नळाकडे वळतो.
बारावी.