शून्य तास

कुताइसीत, पासपोर्ट कचेरीच्या समोर माझा गाळा.
एक स्टूल, एक पांढरा पडदा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा.
टेबलाखालच्या खोक्यात बावीस वर्षांचे चेहरे,
त्यातले निम्मे आता बारीत, थेसालोनिकीत, कुठे कुठे,
परक्या म्हाताऱ्यांना घास भरवत.

फेब्रुवारीत त्या खोक्यातून आवाज यायला लागला.
टक्. मग थांबून, टक्.
दाराबाहेर कुणी संकोचून उभं असावं तसा.

उचाचं दुकान बाजाराच्या जिन्याखाली.
नव्या डिस्कची किंमत त्यानं सांगितली, मी हसले.
मग चंदेरी पिशवीतून त्यानं दुसरी काढली.
"दुरुस्त करून आलेली आहे, लामारा देइदा, पण तास बघ.
शून्य. आईच्या पोटातून आल्यासारखी."
एकशेचाळीस लारी म्हणाला, एकशेतीसवर मिटलं.
कडेला जुन्या लेबलाचा चिकट कोपरा राहिला होता,
भोकांभोवती ओरखडे.
आईच्या पोटात स्क्रू कोण फिरवतं,
मी विचारलं नाही.

खोका उघडला तर आत केसच केस.
फोटोआधी विंचरलेले, सगळ्या गावाचे,
पंख्याला गुंडाळून त्यांची करडी लोकर झालेली.
चिमट्यानं ओढून काढली.
लोखंडी शेगडीला हात लावून अंगातली ठिणगी उतरवली,
गुगानं शिकवलंय तसं.
चार स्क्रू हवे होते, तीन सापडले,
चौथ्याच्या जागी पुठ्ठ्याची घडी.
डिस्क घसा खाकरली आणि फिरू लागली,
एका लयीत, सवयीनं.
नवखं कुणी इतक्या मुकाट्यानं कामाला लागत नाही.

गुगा शेजारचा, तंत्रशाळेत जातो. त्यानं खोलवर पाहिलं.
वरची वही कोरी.
पण डिस्क आत स्वतःपुरती आणखी एक वही ठेवते,
पुसणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता.
त्रेचाळीस हजार एकशे सतरा तास.
पाच वर्षांना महिना कमी.
आणि एवढ्या काळात ती थांबली
फक्त एकोणीस वेळा.

"वय चोरलंय हिचं!" गुगा जाकीट चढवायलाच लागला.
मी म्हटलं, बस.

त्याला कसं सांगू,
शटर ओढून रात्री मी काय करत आलेय.
एजन्सीला पंचेचाळिशीच्या आतली बाई हवी असते.
नाझीब्रोला, त्सियाला, ती दुधाच्या कारखान्यातली मेदेआ,
स्टुलावर बसून वय सांगत नाहीत,
नुसते डोळे चोळतात.
मग मी डोळ्यांखालची काळी जागा उजळते,
कपाळावरची आठी, ओठाजवळची चीर,
एकेका बाईचे पन्नास-साठ हजार तास.
त्याचे जादा पैसे घेत नाही, एवढंच माझ्या बाजूनं.
हात फोटोत येत नाहीत म्हणून बरं.
हात ही आतली वही.

दुसऱ्या दिवशी उचाकडे गेले. भांडले, अर्थातच.
"माझ्याकडे आली तेव्हाच शून्य होती," मेलेल्या बापाची शपथ.
खरंही असेल. त्याच्यावर कुणी, त्याच्यावर आणखी कुणी.
वीस लारी परत घेतले, आणि एक स्क्रू.
पुठ्ठा काढला, स्क्रू बसवला,
आणि डिस्कच्या पाठीवर काळ्या मार्करनं लिहिलं, ठळक,
४३,११७.

रात्रभर चेहरे एकीतून दुसरीत.
जुनी टक् म्हणायची, अडायची,
मग आणखी तीस-चाळीस जण सोडायची.
मी खुर्चीतच डुलकले.

सकाळी टक्. टक्.
आधी खोक्याकडेच वळले.
दारात एक बाई होती, डोक्याला ओला रुमाल.
कंगवा उचलत म्हणाली, "बेचाळीस दिसायला हवं."

"हनुवटी जरा वर," मी म्हटलं.
"आणि हात बघू."