कागदाखालचा केस

फोंड्यात, लग्नाच्या एका हॉलमध्ये
तीन दिवसांचं शिबिर.
स्टेजवर कुणाच्या तरी नावातली
थर्माकोलची दोन अक्षरं अजून चिकटलेली,
आणि खाली, जिथे पंगती बसतात,
तिथे सतरा टेबलं, सतरा पांढऱ्या चादरी,
चौतीस फिजिओथेरपिस्ट,
रोज दुसऱ्यांना शर्ट काढा म्हणणारे,
आज आपापल्या बटणांशी अडखळलेले.

पहिल्या सकाळी घाणेकर सरांनी
पाठीला हात लावूच दिला नाही.
दोघांत एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी दिली.
म्हणाले, एक केस उपटा.
पानाखाली ठेवा. डोळे मिटा. शोधा.

सेल्मा फुर्तादोनं आपला दिला.
काणकोणहून पहाटेची बस धरून आलेली ती;
केस मेंदीचा, मुळाशी पांढरा.
एका पानाखाली तो लगेच लागला.
चार पानांखाली होता-नव्हता.
नवव्या पानावर मी दाबू लागले.

"टेबल सापडलं ना?" सर मागून म्हणाले.
"सगळ्यांना आधी टेबलच सापडतं."

अकरा वर्षं झाली माझ्या दवाखान्याला,
डिचोलीत, बसस्टँडच्या मागे.
पेशंट पालथा. जेल. चार पॅड. दहा मिनिटांचा गजर.
तोवर मी पलीकडच्याचा गुडघा शेकते,
फोन घेते, पावत्या फाडते.
टिंग वाजलं की पुढचा.
मी कुणाची पाठ बिघडवली नाही.
कुणाची ओळखतही नाही.

दुसऱ्या दिवशी सेल्माच्या हाताखाली मी.
टेबलाच्या भोकातून दिसते एवढीशी फरशी
आणि तिच्या फटीत अक्षतेचा एक दाणा,
झाडूतून सुटलेला, अजून पिवळा.
तिचा अंगठा मणक्यामणक्यानं उतरत येतो,
परक्या घरात दिवे गेल्यावर
पायरी चाचपत उतरावं तसा,
आणि बाराव्याशी थांबतो.

दाबत नाही. बसून राहतो नुसता,
चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
ती काही विचारत नाही. मी सांगत नाही.
किती वेळ गेला कोण जाणे,
मग भिजत घातलेल्या वालाचं साल सुटावं
तसं काहीतरी सुटलं.

रडूबिडू आलं नाही.
भूक लागली.
दुपारी सोलकढीच्या तीन वाट्या प्यायले
आणि चौथी मागताना लाज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी मान.
मानेबद्दल मी लिहिणार नाही.
मानेपाशी सरसुद्धा आवाज खाली घेत होते.

सोमवारी पहिला नंबर रघुवीर माजिकांचा.
खाण चालू होती तोवर टिप्पर चालवायचे.
आता टिप्पर अंगणात उभा, टपावर भोपळ्याचा वेल,
पण कंबर अजून खड्डे मोजते
साखळीपासून धक्क्यापर्यंत, भरून जाताना, रिकामं येताना.

मी पॅड काढले नाहीत.
हात चोळून गरम केले
आणि ठेवले.
एक पान. कातडी, घामट.
दोन, तीन.
बाहेर कुठलीशी बस म्हापसा म्हापसा ओरडत गेली.
पाच. सहा.
बोटांनी टेबल शोधायला सुरुवात केली,
त्यांना मागे ओढलं.
आठव्याच्या खाली कुठेतरी
केसाएवढं काही हललं,
किंवा माझ्याच अंगठ्यातली नाडी असेल ती.
खात्रीनं सांगता येत नाही अजून.

माजिक बराच वेळ गप्प.
मग उशीत तोंड खुपसूनच म्हणाले,
"आज लायट ना, बाय?"

डोक्यावर पंखा गरगरत होता.

"ना," म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला.
"बरें," म्हणाले.