भाड्याचं ऊन

दिवाळे गावच्या धक्क्यावर मी जवळा पसरते
आणि त्याच्या शेजारी पॅनल.
चार घड्यांचं, काळं, ताडपत्रीसारखं उलगडणारं.
दोघांनाही कावळ्यांपासून जपावं लागतं.
वायर जाते सावलीतल्या डब्याकडे:
अठरा किलो, वर मूठ, पुढे आकड्यांची खिडकी.
भर बारा वाजता आत एकशे नव्वद येतात,
ढग आला की चाळीस.

डबा मी भाड्यानं देते.
होडीवरच्या दिव्यांना, सत्यनारायणाला,
एका शिंप्याला, मीटर कापला होता तेव्हा आठवडाभर.
हळदीच्या डीजेला देत नाही.
एकदा दिला होता. दुसऱ्याच गाण्यात डब्यानं मान टाकली
आणि नवरदेवाच्या मामानं माझी आई काढली.

बारकीबाय तिच्या चटईवरून विचारायची,
"काय गो, उन इकतंस?"
"वीज विकते, आते."
"तेच तं. उनच इकतंस.
आमी जलमभर फुकट वापरला,
कोनी भाव नाय सांगला त्याचा."
आणि मिश्रीचे काळे दात दाखवत हसायची.

मे महिन्यात एका मंगळवारी
दुपारची जरा आडवी झाली, ती उठली नाही.
मोरेश्वर बोटीवर, कतारच्या बाजूला.
विमान पहाटे साडेतीनला उतरणार.
नेरूळहून काचेची पेटी आणली, गार ठेवणारी,
आणि पावणेबाराला वीज गेली.

महावितरणचा माणूस फोनवर म्हणाला, केबल जळलीय,
कुठली ते शोधतोय.
पाम बीचच्या टॉवरांत उजेड होता,
त्यांचे जनरेटर आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होते.
कुणी म्हणालं, धक्क्यावरून बर्फ आणा.
तिची जाऊ उठून उभीच राहिली:
"मासलीचा बरफ नको.
जलमभर तोच उचलला तिनं."

मी अंधारात घरी गेले, डबा उचलून आणला.
पेटीनं आधी तीनशे चाळीस ओढले, मग जरा दमानं.
खिडकीत शहाण्णव.
मनात हिशेब केला, पाच तास, फार तर सहा.
पंखा नाही. बल्ब नाही. उशाशी तेलाचा दिवा.
पोरं चार्जर घेऊन आली, त्यांना हाकललं.
फक्त तिच्या नातीला दिलं, प्राजूला,
तिचा फोन चार टक्क्यांवर, आणि बाप त्याच नंबरावर येणार.
दहा मिनिटं.
एकसष्टचे साठ झाले.

काल दहा ते तीन जे ऊन डब्यात शिरलं
ते तिच्या जवळ्यावरही होतं, तिच्या पाठीवरही.
आता तेच तिला गार ठेवत होतं.
हे मी कुणाला बोलले नाही.
रात्री तीनला माणूस काहीही विचार करतो.

चौतीस.
वीस.
अकरावर डबा बारीक ओरडला, सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या,
जणू मीच ओरडले.

मोरेश्वर पाच वाजून दहा मिनिटांनी आला.
बॅगेला विमानतळाची पट्टी तशीच.
काचेवर तळहात ठेवला, झटकन उचलला,
म्हणाला, "केवढी गार झालीय."
खिडकीत पाच होते.

दहाव्यानंतर तो विचारायला आला, डब्याचे किती?
मी म्हटलं, एका रात्रीचे सातशे.
त्यानं मोजून दिले, मी मोजून घेतले.
आतेला कुणी तो भाव सांगितलाच नव्हता.

पण ते पुढचं.
त्या सकाळी सगळे परतले तेव्हा
वीज कधीच आलेली होती, कुणाच्या लक्षातही नव्हतं.
मी रिकामा डबा घेऊन धक्क्यावर गेले.
तिचा कालचा जवळा चटईवर तसाच,
कडेनं मांजरांनी खाल्लेला.
तो हातानं वरखाली केला.
मग पॅनल उलगडलं.
ऊन कोवळं होतं.
आत नऊ येत होते.